माणूस ओळखणारा कोट

आमच्या शिवणखान्यात साठ बाया, बारा पुरुष आणि स्वतः मॅनेजरसाहेब एका काळ्या कोटापुढे हात जोडून उभे होते. कोट साहेबांच्या खुर्चीवर आणि साहेब जमिनीवर, अशी त्या दिवशीची व्यवस्था होती.

"वस्त्राला माणूस कळतो," तो घेऊन आलेले कोटबाबा डोळे मिटून म्हणाले. "लायक माणसाला हा कोट मोकळा होतो, नालायकाला आवळतो. कोटाकडे वशिला चालत नाही!"

सुपरवायझरची जागा रिकामी होती आणि ती या कोटाने भरायची, असं साहेबांनी ठरवलं होतं. कोट ज्याला नाकारेल त्याची रवानगी बटणं निवडायला, तीही कायमची. माझी वहिनी एकोणीस वर्षं तिथे मशीनवर बसते. सुपरवायझरची जागा हक्काने तिचीच होती. मी तिथला कटिंग मास्तर आणि तिचा धाकटा दीर.

"वहिनी, तुम्ही या फंदात पडू नका," मी कुजबुजलो.

"जागा माझी आहे, भावजी. मी कोट घालणार."

एकेकजण पुढे होऊ लागला. बाबांचा शिष्य मागून कोट चढवायचा, कॉलर आदराने सारखी करायचा आणि कोट निकाल द्यायचा. आमचा पहारेकरी म्हणजे निव्वळ काडीपैलवान. त्याला कोट इतका आवळला की बिचाऱ्याचे डोळे पांढरे झाले.

"पापाचा घेर वरून दिसत नाही, बाळा," बाबा कळवळून म्हणाले. पहारेकरी नाक पुसत बटणांकडे गेला.

मग साहेबांचा मेव्हणा आला. आधी त्याचं पोट आलं, मग तो आला. त्याला मात्र कोट ऐसपैस! टाळ्यांचा कडकडाट झाला. माझं डोकंच फिरलं. दिवसभर गळ्यात टेप अडकवून फिरणारे आम्ही बहात्तर जण, आणि काडीला घट्ट, पिंपाला सैल होणारा कोट बघून एकालाही त्या टेपची आठवण होऊ नये?

"निवड झाली," साहेब म्हणाले.

"मी राहिलेय," वहिनी म्हणाली.

तिने शिष्याच्या हातून कोट घेतला, झटकला, उलटा केला आणि अस्तर बाहेर ठेवून अंगात घातला. आमच्या खात्यात फिटिंग उलटंच बघतात. शिवण बाहेर असली की कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, तिथे टाचणी लावता येते. तिच्या हाताला दुसरी रीतच ठाऊक नव्हती.

"उलटा? अनर्थ!" बाबा किंचाळले. घाबरलेला शिष्य कॉलरकडे झेपावला आणि त्याने सवयीने ओढलं.

अस्तराच्या नेफ्यातून एक जाड नाडी साठ बायांच्या डोळ्यांदेखत सरसर सरकली आणि कोट कमरेत आवळला. नाडीची टोकं कॉलरखाली शिष्याच्या मुठीत होती. ओढली की पापी, सोडली की लायक!

"ही दैवी नाडी आहे!" बाबा म्हणाले. खरं सांगतो, तेवढ्यावरही दोघींनी हात जोडले.

"मग बाबा, तुम्हीच कोट घाला," वहिनी म्हणाली. "नाडी मी धरते."

बाबांना एकदम दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं. शिष्यही मागोमाग पळाला. साहेब कोटातल्या वहिनीकडे बघत उठबस करू लागले. "या ना, मॅडम. बसा ना, मॅडम."

एकोणीस वर्षांत 'ए बाई' सोडून त्यांनी तिला दुसरं काही म्हटलं नव्हतं. मला हसू आलं, आणि त्याहून जास्त चीड आली.

वहिनीने कोट काढून टेबलावर टाकला. "आता बोला, साहेब."

साहेब कोटाची घडी घालू लागले. तेव्हा मीच बायांना विचारलं, "बाही चुकली की ती घेऊन तुम्ही कुणाकडे जाता?"

एकोणसाठ बोटं वहिनीकडे वळली. पहारेकऱ्याचंही. जागा कोटाशिवाय भरली.

मंडळी, कापड अंग झाकायला असतं. आतल्या माणसाची लायकी त्याला सांगता येत नाही. ती हवी असेल तर त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांना विचारा.