रिटर्नमधलं नाव

"तुला कोणी आपल्यावर अवलंबून म्हणून रिटर्नमध्ये दाखवतं का?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

केंड्रा समोर ओठ चावत बसली होती. वीस वर्षांची पोर, कॉलेजच्या खानावळीत भांडी घासून हात लाल झालेले. ओहायोतल्या आमच्या गावच्या ग्रंथालयात दर शनिवारी सकाळी आम्ही निवृत्त मंडळी लोकांचे कराचे रिटर्न फुकट भरून देतो. मी चाळीस वर्षं एका धान्याच्या कोठारात पगारपत्रकं लिहिली. बायको गेल्यावर आकड्यांखेरीज कोणाशी माझं जमेना, म्हणून इथे येतो.

"वेंडेल, तिचं लग्न ठरवतोयस की काय? रांग दारापर्यंत गेलीय," शेजारच्या टेबलावरून फिलिस ओरडली.

"तू तुझं बघ, बाई."

मी कॉलेजने पाठवलेला कागद केंड्रापुढे सरकवला. "हे बघ. तुझी शिष्यवृत्ती फीपेक्षा दोन हजारांनी जास्त होती. फीला गेली तेवढी करमुक्त. वरचे दोन हजार वसतिगृहाच्या खोलीला आणि जेवणाला गेले, ती सरकारच्या लेखी तुझी कमाई."

"मी जेवले ती कमाई?"

"कायदा मी नाही केला. पण पुस्तकं तू पगारातून घेतलीस, त्याची सवलत मिळते, कर पुसला जातो आणि पगारातून कापलेला परत मिळतो. बापाने तुला स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवलं असेल, तर मात्र ती सवलत अडते. तीनशे डॉलरचा प्रश्न आहे, म्हणून खोदून विचारतोय."

"आधी दाखवायचे," ती म्हणाली. "आई गेल्यावरही. मग डॅडनी दुसरं लग्न केलं, घर विकलं आणि ॲरिझोनाला गेले."

"बोलणं होतं?"

"नाताळला कार्ड आलं होतं. गेल्या नाही, त्याच्या आधीच्या."

मी चष्मा पुसला. "मग नियमाने त्यांना तुला दाखवता येत नाही. तू त्यांच्याकडे राहत नाहीस, खर्च ते करत नाहीत. पण पुष्कळ बाप सवयीने पोरांची नावं टाकून देतात. तसं झालं असेल तर एकच नाव दोनदा आलं म्हणून करखात्याचा संगणक तुझा रिटर्न परत पाठवेल. मग मी तुला फोन करीन, आपण कागदावर भरून टपालाने पाठवू आणि भांडू. घाबरू नकोस."

ती घाबरली नव्हतीच. "म्हणजे परत आला, तर त्यांनी माझं नाव लिहिलंय असं समजायचं?"

"हो."

"मग पाठवा ना. आत्ताच पाठवा."

रिटर्न परत यावा म्हणून आतुर झालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

सोमवारी करखात्याचा निरोप आला: स्वीकारला. आमचा शिरस्ता असा की परत आला तरच फोन करायचा. पण ही पोरगी फोनकडे डोळे लावून बसली असणार, म्हणून मी केला.

"स्वीकारला," मी म्हणालो. "तीन आठवड्यांत पैसे खात्यात येतील."

पलीकडे ताटल्यांचा खडखडाट चालला होता. "म्हणजे नाही लिहिलं," ती म्हणाली.

इथे मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. "अजून त्यांनी भरलाच नसेल," मी बोलून गेलो.

"हो ना! डॅड कायम शेवटच्या दिवशी भरायचे. स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पसरून, सगळ्यांना शिव्या घालत." तिचा आवाज एकदम पालटला. "आता त्यांनी माझं नाव टाकलं, तर त्यांचा परत येईल?"

"येईल."

"मग ते मला फोन करतील."

"चिडून करतील, केंड्रा."

"करू देत ना."

त्या न पाहिलेल्या माणसाचा मला भयंकर राग आला. माझाही आला. तिला ही आशा मीच लावली होती.

पंधरा एप्रिलला, रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, शनिवार नसूनही आम्ही दिवसभर बसलो होतो आणि ग्रंथालयात नुसती झुंबड होती. केंड्रा दुपारीच आली आणि खिडकीजवळ पुस्तक उघडून बसली. फोन शेजारी, उताणा.

"कामाला दांडी?" मी विचारलं.

"अभ्यास आहे."

पान काही उलटत नव्हतं. चारच्या सुमारास फोन वाजला. तिने तो झडप घालून उचलला. फिलिसचे आणि माझे हात थबकले.

"नाही, आज नाही जमणार. दुसऱ्या कोणाला बोलवा," ती म्हणाली. खानावळीतून होता.

सहा वाजता दिवे मालवायला लागले. केंड्राने पुस्तक दप्तरात टाकलं आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मिस्टर स्ट्राउड, ज्यांना आज जमलं नाही त्यांना मुदतवाढ मिळते ना?"

"मिळते. अर्ज केला असेल तर, ऑक्टोबरच्या पंधरा तारखेपर्यंत."

"मग त्यांनी केला असणार," ती म्हणाली. तिने फोनचा आवाज मोठा केला आणि तो कोटाच्या खिशात ठेवला.