हेमाताईचा रस

पौषातल्या सकाळी चिकूच्या पानांवरचं दव अजून ओसरलेलं नसायचं, सुरूच्या झाडांतून येणारा समुद्राचा वारा गार आणि किंचित खारट असायचा, आणि त्या सगळ्यावर मागच्या पडवीतून संत्र्याच्या सालीचा एक तीक्ष्ण, सोनेरी गंध उमटायचा. तो गंध म्हणजे माझी मोठी जाऊ, हेमाताई. पडवीत उन्हाची एक तिरपी पट्टी येई, तिच्यात ती पाट घेऊन बसायची आणि किसणीवर संत्रं अलगद फिरवायची. सालीतून उडणारे सूक्ष्म तुषार उन्हात क्षणभर पेटायचे आणि विझायचे.

चिखल्याला आमची चिकूची वाडी आहे. वाडीतच दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या. मुंबईचे, वापीचे, सुरतेचे लोक सुट्टीला येतात, समुद्रावर फिरून येतात आणि जेवायला बसतात. त्यांना कोशिंबिरीपेक्षा सॅलड हवं असतं, हे ताईच्या लवकर लक्षात आलं. काकडी, मुळा, वाडीतली कोवळी पालेभाजी चिरून तिच्यावर घालायला तिने स्वतःचं एक ड्रेसिंग बसवलं. पाहुणे त्याला ड्रेसिंग म्हणत. ती नुसतं ‘रस’ म्हणायची.

करायला ते अगदी साधं होतं. विहिरीजवळच्या झाडाचं लिंबू, संत्र्याचा रस आणि त्याची किसलेली साल, पण वरची केशरी तेवढीच, कारण आतला पांढरा पापुद्रा कडू. मीठ आधी आंबटात विरघळवायचं, तेलात ते विरत नाही. मग चमचाभर मध, चिमूटभर मिरपूड आणि थोडी फेसलेली मोहरी. शेवटी शेंगदाण्याचं तेल बारीक धारेने सोडायचं, काचेच्या बरणीचं झाकण लावायचं आणि बरणी कानाजवळ धरून हलवायची. कानाजवळ का, ते मी एकदा विचारलं होतं.

“आवाज जड झाला की मिळून आलं,” ती म्हणाली होती. बरणी हलवताना तिचे डोळे मिटलेले असत, हातातल्या बांगड्या बरणीच्या तालावर किणकिणत, आणि एखाद्या दूरच्या माणसाचं बोलणं ऐकावं तशी एकाग्रता तिच्या चेहऱ्यावर पसरे.

“बेन, आमां शुं नाख्युं छे?” असं म्हणत सुरतेच्या एका बाईंनी यात काय घातलंय ते विचारलं, तेव्हा ताई हसून म्हणाली, “लिंबू. बीजुं कंई नहीं.” दुसरं काही नाही म्हणे! आपल्या कष्टांना एका शब्दात मावेल एवढं लहान करून ठेवायची तिला सवयच होती.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी तिच्या गळ्यात गाठ आली. सारा पावसाळा मुंबईत औषधपाण्यात आणि रेडिएशनमध्ये गेला. दिवाळीच्या सुमारास ती परतली ती निम्मी होऊन. गळ्याची त्वचा काळवंडलेली, आवाज कोरड्या पानासारखा, आणि जिभेवरची चव पार गेलेली. भात ओल्या कागदासारखा लागतो म्हणायची. चव हळूहळू परत येईल, कदाचित पूर्ण येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पहिल्याच आठवड्यात ती पडवीत पाट घेऊन बसली. दोन्ही खोल्यांत पाहुणे होते. तिने रस केला, बरणी हलवली आणि चमचा माझ्यापुढे धरला.

“सुमन, बघ गं. आधी काय लागतंय?”

“आंबट.”

“मग?”

“मग संत्र्याचा गोडवा. शेवटी मोहरी नाकात जाते.”

“आणि मीठ?”

“मीठ असं वेगळं कळत नाही.”

“मग बरोबर आहे.” तिने झाकण लावलं आणि खाली बघत म्हणाली, “ह्यांना सांगू नकोस. खोल्या बंद करतील.”

ह्यांना म्हणजे दादांना, माझ्या मोठ्या दिरांना. त्यांना कळलं नसेल असं मला कधीच वाटलं नाही. जेवताना ते ताटातून नजर वर करत नसत आणि ताईने विचारायच्या आधीच म्हणत, “आज झकास झालंय हं.” त्या घरात चवीविषयी सगळेच बोलत होते, आणि जिला चव लागत नव्हती तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी मात्र रोज तिच्यासाठी चाखत होते. तिचे हात आणि माझी जीभ, अशा आम्ही दोघी मिळून एक बाई झालो होतो.

पौष सरत आला होता. एका सकाळी लिंबू पिळता पिळता तिने सवयीने बोट चाटलं आणि ती थबकली. पुन्हा चाटलं. मग अर्धं लिंबूच तोंडात धरलं. तिचे डोळे पाण्याने भरले, खांदे शहारले.

“आंबट लागलं गं! सुमन, आंबट लागलं!”

किती दिवसांनी तिचा आवाज त्या घरात मोठा झाला होता. दादा वाडीतून धावत आले. तिला लिंबू चोखताना पाहून ते जवळ आले. खाली बसले आणि तिच्या पायाला लागलेली माती हाताने झटकत राहिले. पुढचे काही दिवस आम्ही सगळे वेड्यासारखे आनंदात होतो. बाकीच्या चवीही मागोमाग येतील असं धरून चाललो होतो.

माघात तिला धाप लागू लागली. आजार छातीत उतरला होता. या वेळी मुंबईहून तिला लवकर परत पाठवलं, आणि एवढ्या लवकर का, हे कुणी कुणाला विचारलं नाही. खोल्या बंद झाल्या. तरीही दादा तलासरीला गेले आणि हायवेवरून पिशवीभर संत्री घेऊन आले. कशाला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

होळी होऊन गेली होती. दुपारचं ऊन पडद्यातून झिरपून तिच्या पांघरुणावर पडलं होतं. घास गिळणं थांबलंच होतं. मी थोडासा रस केला, तेल-मोहरी न घालता, आणि चमच्याच्या टोकाने तिच्या ओठांवर थेंब ठेवला. तिने ओठ मिटले. बराच वेळ तिच्या कपाळावर एक बारीक आठी होती. मग ती विरली.

“यंदाचं संत्रं गोड आहे हं,” ती म्हणाली.

दादा दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं, चौकटीला डोकं टेकलं आणि पहिल्यांदा आमच्यादेखत रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

खोल्या वर्षभराने मीच पुन्हा उघडल्या. रस मी करते, पाहुण्यांना आवडतो, दादा न बोलता जेवतात. त्यांचे केस सगळे पांढरे झाले आहेत, माझेही होऊ लागले आहेत. ती मात्र त्या फाल्गुनात जेवढी होती तेवढीच राहिली. आणखी थोड्या वर्षांनी मी वयाने तिच्याहून मोठी होईन. आणि तरीही कधी चुकून तोंडातून हाक निघालीच, तर ती ‘ताई’ अशीच निघेल.