नाक्यावरची सही

१९८१ साली, जून महिन्यातल्या एका सोमवारी दुपारी, कोर्टाच्या शिपायानं अच्युतरावांना निरोप दिला की हायवेवरच्या नाक्यावर पोलिसांनी प्राणेशला बसवून ठेवलंय. प्याला होता म्हणे.

अच्युतराव तालुक्याच्या कोर्टात नकला उतरवणारे कारकून. तालुका कानडी राज्यात गेला तेव्हा कचेरीतली उर्दू मागं ठेवून त्यांनी कानडी शिकून घेतली आणि तेव्हापासून दुसऱ्यांचे जबाब, दुसऱ्यांचे निकाल उतरवत आले. प्राणेश त्यांचा एकुलता एक. सतरा वर्षांचा. त्याच आठवड्यात इंजिनिअरिंगला नंबर लागल्याचं पत्र आलं होतं आणि त्याच्या आईनं, सुमतीबाईंनी, ते देवापुढं ठेवलं होतं.

सायकल दामटत ते नाक्यावर पोचले. प्राणेश चौकीतल्या बाकावर बसला होता. सदऱ्यावर ओकल्याचे डाग, तोंडाला शिंदीचा आंबूस वास. बापाला बघून तो रडायलाच लागला.

"अप्पा, ईरण्णानं पाजली. नंबर लागला म्हणून. मी नको नको म्हणायलतो."

ईरण्णा म्हणजे आडत दुकानदार बंडेप्पांचा थोरला मुलगा, पंचविशीतला. नाक्यावर अडवलेली जीप त्यांचीच.

"गाडी कोण चालवत होतं?" अच्युतरावांनी विचारलं.

"ईरण्णाच की. मला कुठं येतीय? मी बाजूला बसलेलो. ह्या हवालदारानंच त्याला खाली उतरवलं, विचारा त्यांना."

हवालदार खिडकीबाहेर बघत राहिला. ईरण्णा चौकीत नव्हता. बंडेप्पा तासाभरापूर्वी येऊन त्याला घेऊन गेले होते.

फौजदारांनी अच्युतरावांना खुर्ची दिली. चहा मागवला. मग कानडीत, अगदी घरच्यासारखं म्हणाले, "राव, येताना जीपनं एका सायकलवाल्याला उडवलंय. राघोबा म्हणून शेतकरी आहे. पाय मोडलाय, दुसरं काही नाही. पोरानं सही केली की विषय मिटला. किरकोळ दंड होईल. आत्ता घेऊन जा घरी."

कागद पुढं सरकवला. अच्युतरावांनी वाचला. कागद कानडीत होता. जीप मीच चालवत होतो, दारूच्या नशेत होतो, असं त्यात प्राणेशच्या तोंडी घातलेलं होतं.

"हे खोटं आहे, साहेब."

"असेल. नसेल करायची तर नका करू." फौजदारांचा आवाज तसाच मऊ होता. "मग पोरगा आज आत राहील, उद्या तुमच्याच साहेबांच्या पुढं उभा करीन. तुम्ही तिथंच असाल की."

अच्युतरावांना सगळं ठाऊक होतं. गाडीत नुसता बसलेला माणूस प्यालेला असला तरी गाडी चालवल्याचा गुन्हा त्याच्यावर लागत नाही. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करायची कुणावर सक्ती नसते. गुन्हा कबूल केल्याचा असा कागद कोर्ट ग्राह्य धरत नाही. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं न्यावंच लागतं, आणि साहेब भले गृहस्थ होते, प्राणेशनं खरं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. शेकडो नकलांमधून हे सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं होतं.

पण त्यांच्या डोळ्यांपुढं दुसरंच आलं. कोर्टाचा व्हरांडा. हातात बेडी घातलेला, शिंदीचा वास येणारा आपला मुलगा. नाझर, शिपाई, टायपिस्ट, सगळे दारात येऊन बघतायत.

नाहीतरी कोर्टात ह्या कागदाला किंमत नाही, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

"काय लिहिलंय, अप्पा?" प्राणेशनं विचारलं. तो मराठी शाळेत शिकलेला. बोलण्यापुरती कानडी यायची, पण कचेरीतली वळणदार लिपी त्याला लागत नव्हती.

"शिंदी प्यालास, एवढंच. कर सही."

त्यानं केली. खाली साक्षीदार म्हणून अच्युतरावांनीही केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी राघोबा दवाखान्यात वारला. पाय नुसता मोडलेला नव्हता, डोक्यालाही मार होता. दुपारी पोलीस घरी आले. प्राणेश जेवत होता.

"मी चालवतच न्हवतो," तो ताटावरून उठत म्हणाला.

"तूच लिहून दिलंस की," हवालदार म्हणाला. "तुझ्या बापानं वाचून सही केलीया."

प्राणेशनं अच्युतरावांकडं पाहिलं. सुमतीबाई मधे येऊन म्हणाल्या, "तुम्ही वाचलं होतंत?" अच्युतराव कोनाड्यातली टोपी शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात आणलं तेव्हा नाझर, शिपाई, टायपिस्ट, सगळे दारात आले. जामीन झाला. गुरुशांतप्पा वकिलांनी कागदपत्रं चाळली आणि चष्मा काढला.

"सोळा पुरी झालीत, म्हणजे बालकोर्टाचा रस्ता बंद. बाकी हा कागद कोर्टात टिकायचा न्हाई. पण ह्याच्या जोरावर पोलिसांनी, पोरगाच चालवत होता म्हणणारे, दोन साक्षीदार उभे केलेत, आणि ईरण्णाचं नाव कुठंच न्हाई. अच्युतराव, दुसरा कोणी असता तर मी काही बोललो नसतो. तुम्ही कामून करू दिली सही?"

अच्युतराव कागदाखालची आपली सही बघत राहिले.

खटला पाच वर्षं चालला. निकाल लागेपर्यंत कॉलेजनं प्रवेश थांबवला, मग ती जागा दुसऱ्याला गेली. प्राणेश हुमनाबादला एका लॉरीवाल्याच्या कचेरीत पावत्या लिहायला लागला. तारखेला तेवढा यायचा. घरी आला तर आईशी बोलायचा. बापानं काही विचारलं की "व्हय" किंवा "न्हाई". एकदा अच्युतराव म्हणाले, "चुकलं माझं." तो म्हणाला, "व्हय," आणि हात धुवायला उठला.

राघोबाची बायको गीताबाई प्रत्येक तारखेला यायची. व्हरांड्याच्या टोकाला बसायची. कानडीतलं कामकाज तिला कळायचं नाही. पुकारा झाला की उठून उभी राहायची, एवढंच.

निकालाच्या दिवशी साहेबांनी तो कागद बाजूला ठेवला. दोन्ही साक्षीदारांचे जबाब एकमेकांशी जुळत नव्हते. गाडी आरोपीच चालवत होता हे सिद्ध झालेलं नाही, असं म्हणून प्राणेशला सोडून दिलं.

गुरुशांतप्पांनी त्याची पाठ थोपटली. तो पायऱ्या उतरला.

गीताबाईनं अच्युतरावांना गाठलं. "काय झालं ओ, रावसाहेब?"

"सुटला तो. तो चालवत नव्हता."

"मंग कोन चालवायलतं?"

फाटकापाशी प्राणेश थांबला होता. त्याला ऐकू जात होतं. पलीकडं बंडेप्पांचं दुकान उघडं होतं. त्या घरचं नाव कोर्टाच्या आवारात उघड घ्यायचं म्हणजे पुन्हा जबाब, पुन्हा चौकी, पुन्हा फौजदार. अच्युतरावांची नोकरी संपायला दोन वर्षं उरली होती.

"मला माहीत नाही, बाई," ते म्हणाले.

मान वर केली तेव्हा फाटकापाशी कोणी नव्हतं. हुमनाबादची बस निघून गेली होती. गीताबाई अजून समोर उभी होती, त्यांनी आणखी काही सांगावं म्हणून.