दोघांत एक कॅमेरा

“साहेब, एक सांगा, फोटो जास्त काढणार की व्हिडिओ?” काउंटरवर तीन कॅमेरे मांडत दुकानदाराने विचारलं.

“फोटो,” फोटोग्राफर म्हणाला.

“व्हिडिओ,” त्याची बायको म्हणाली. दोघं एकदमच.

दुकानदार हसला. फोटोग्राफरला काही हसू आलं नाही.

तीस वर्षं त्याने स्टुडिओ चालवला होता. व्हिडिओचं नाव काढलं की तो नाक मुरडायचा. म्हणूनच चार वर्षांपूर्वी, एका समारंभात व्हिडिओवाल्याने ऐनवेळी दांडी मारली तेव्हा, त्याने मोठ्या मनाने ते काम बायकोच्या गळ्यात मारलं होतं. आता फोन यायचे ते “ताई आहेत का?” असे. परवा तर एका गिऱ्हाइकाने त्याची ओळख करून दिली, “हे ताईंचे मिस्टर.” त्या दिवशी तो जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. खरं म्हणजे त्याचा नुसता जळफळाट झाला होता, आणि सख्ख्या बायकोवर जळतो आहोत याची लाजही वाटत होती.

दोघांचेही कॅमेरे आता म्हातारे झाले होते. नवा घ्यायचा तो एकच, दोन्ही कामं करणारा. आणि कॅमेरा एक झाला की समारंभात सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा माणूसही एकच, हे त्याला पुरतं कळत होतं.

“हा मधला घेऊ. फोटो बघ कसा लख्ख येतो.”

“अहो, पण व्हिडिओला वीस मिनिटांत तापून बंद पडतो म्हणाले ना हे. लोकांची भाषणं तासभर चालतात.”

“तुला बरं सगळं कळायला लागलं!”

दुकानदाराने तिसरा कॅमेरा पुढे सरकवला. “हा दोन्हीला चालतो. व्हिडिओ काढून बघा की दोघं.”

मागे खुर्चीत दुकानदाराची आई चष्मा पुसत बसली होती. बायको कॅमेरा घेऊन तिच्याभोवती सावकाश फिरली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आधी पदराने काच पुसणारे हात आले, मग डोळ्यांवर चढलेला चष्मा, मग रस्त्याकडे वळलेली नजर. कुठेतरी बायकोचा हात हलला असेल म्हणून फोटोग्राफरने डोळे फाडून पाहिलं. हलला नव्हता.

मग त्याने कॅमेरा घेतला. “आजी, इकडे बघा. हनुवटी खाली. हं, हलू नका.” फोटोच्या सवयीने कॅमेरा उभा धरला, श्वास रोखला.

पडद्यावर आजी आडवी झाली होती. दहा सेकंद ती पापणीही न लववता बसली होती, आणि वरून त्याचा दरडावणारा आवाज. दुकानदाराला खोकला आला. बायको हसली नाही. हसली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

“आवाज स्वच्छ आलाय,” ती म्हणाली.

तोच कॅमेरा ठरला. दुकानदाराने खोक्यातून नवा पट्टा काढला. “कुणाच्या मापाने लावू?”

बायको काउंटरकडे बघत राहिली. फोटोग्राफरने पट्टा त्याच्याकडून घेतला, कॅमेऱ्याला अडकवला, तिच्या गळ्यात घातला आणि कॅमेरा तिच्या छातीशी नीट येईपर्यंत आखूड करत गेला.

“अहो, एवढा आखूड केलात तर तुमच्या डोक्यातून जायचा नाही.”

“माहितीये,” तो म्हणाला आणि त्याने बक्कल घट्ट दाबलं.