दोरीची उंची

व्हीआरचा हेडसेट डोळ्यांवर चढवला की सुधीर सबनीसांसमोर आंब्याची बाग उभी राही. खांद्याचे मोडलेले हाड जुळले होते, सांधा मात्र आखडलेलाच होता. तरीही बागेतला त्यांचा उजवा हात थेट शेंड्याकडच्या फांदीला पोहोचे आणि कैरी अलगद तुटे.

“काका, आज तर झाड रिकामं केलंत!” फिजिओथेरपिस्ट क्षिप्रा म्हणाली.

सबनीसांची नोकरी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात, तपासणी प्रयोगशाळेत झाली होती. फार चांगले निकाल आले की ते चाचणी पुन्हा लावत.

“हा दिसतो तो हात माझ्या हाताच्याच जागी असतो का?”

“आम्ही थोडा वाढवून दाखवतो, काका. हुरूप राहतो, दुखण्याची भीती जाते. मग हळूहळू ती वाढ कमी करत न्यायची.”

“आत्ता काढून टाक.”

“कशाला उगाच? नाराज व्हाल.”

“काढ गं.”

तिने काढली. हात छातीच्या जरा वर येऊन थांबला. फांदी होती तिथेच राहिली.

अडचण वेगळीच होती. हात वर जातो, असे त्यांनी साकेतला कळवून टाकले होते. मुलाची अट स्पष्ट होती: व्हिडिओ कॉलवर उजव्या हाताने दोरीवर सदरा वाळत टाकून दाखवायचा. जमले नाही, तर रविवारी तो त्यांना बंगळुरूला घेऊन जाणार आणि डोंबिवलीच्या घराला कुलूप लागणार.

गॅलरीतली दोरी सबनीसांनी आपल्या उंचीने बांधली होती. त्यांची बायको मंदाकिनी टाचा उंचावून कपडे वाळत घाली. “जरा खाली घ्या की हो,” असे ती अधूनमधून म्हणे. वर कपडे लवकर वाळतात, असे ते सांगत. ती गेली आणि तो विषय संपला.

आता त्यांनी डाव्या हाताने गाठी सोडल्या आणि दोरी ग्रिलच्या खालच्या गजांना बांधली. तिने कधी मागितली असती त्याहूनही खाली. फोन पाटावर, तोंड वर करून ठेवला. खालून पाहिले की उंची वाढून दिसते, हे त्यांना ठाऊक होते.

सदरा दोरीवर पडला.

“वा, बाबा! मानलं तुम्हाला,” साकेत म्हणाला. “मी उगाच घाबरलो होतो. मग रविवारचं तिकीट रद्द करू?”

“कर.”

“दिवाळीत बघू मग.”

“बघू.”

फोन बंद झाला. आत जायला सबनीसांना दोरीखालून वाकावे लागले. ओली बाही मानेला लागून गेली.