सुंदरम्माच्या मापाची खुर्ची

डुलती खुर्ची घ्यावी तर कल्लप्पाचीच, असं सोलापुरातले डॉक्टर-वकील म्हणत, आणि कल्लप्पालाही ते मनोमन पटलेलं होतं. खुर्चीखालच्या दोन कमानी तो गिऱ्हाईक बसवल्याशिवाय पक्क्या करत नसे. माणूस बसवायचा, झोका बघायचा, कमान जराशी तासायची, पुन्हा बसवायचा. गिऱ्हाईक मेटाकुटीला येई; पण खुर्ची घरी गेली की दुपारभर तिच्यातच घोरत पडे.

बहात्तरच्या दुष्काळात त्याच्या बायकोला, सुंदरम्माला, दम्यानं पार घेरलं. गिरणीत सूत गुंडाळताना वर्षानुवर्षं कापसाची धूळ छातीत गेलेली. आडवं झालं की जीव कासावीस होई. भिंतीला टेकून बसावं, तर डोळा लागताच ती एका अंगावर कलंडे आणि खोकत जागी होई. बसल्या बसल्या झोप लागावी, एवढंच काय ते तिचं मागणं होतं.

"थांब, अशी खुर्ची करतो की लेकरागत झोपशील," कल्लप्पा म्हणाला.

त्यानं हातचं सगळं काम बाजूला ठेवलं. अंगाला सागवान, कमानींना बाभूळ, बसायला वेताची वीण. महिना गेला, दुसरा लागला. आणि जगाला उठबशा काढायला लावणारा हा गृहस्थ, आपल्या बायकोला मात्र एकदाही बसवून बघेना. तिला कशाला त्रास, म्हणून त्यानं दिवाळीत काट्यावर भरलेल्या तिच्या वजनाएवढी ज्वारी पोत्यात भरली, पोतं खुर्चीत बसवलं आणि त्यावर झोका जुळवला. खरं सांगायचं तर, ती किती उतरलीय हे त्याला बघवतच नव्हतं.

सुंदरम्मा खुर्चीत बसली तेव्हा खुर्ची मागं गेली आणि तिथंच थांबली. तिचे पाय अधांतरी लोंबत राहिले, श्वास अडकला. कल्लप्पानं तिला घाईघाईनं उचलून खाली घेतलं.

"वजन चुकलं गं माजं," तो म्हणाला आणि कमानी उतरवून तासायला बसला. नव्यानं जुळवेपर्यंत ती आणखी वाळली. पुन्हा खुर्ची मागं गेली, पुन्हा रंधा सुरू झाला. ती भिंतीला टेकून हे सगळं बघत राहायची.

"साकु, पुरे आता, अवो," एक दिवस ती धापा टाकत म्हणाली. "मी रोज कमीच व्हायलेय. तुमी किती तासणार?"

"आनिक एकदाच. आता बसंलच बघ."

ते एकदा काही आलं नाही. सकाळी तो चहा घेऊन गेला तेव्हा ती भिंतीशीच बसल्या जागी गेली होती.

त्यांच्या समाजात मयताला आडवं नेत नाहीत. बसवून नेतात आणि बसवूनच माती देतात. सुंदरम्माचा भाऊ शिवलिंगप्पा आला, रडला, मग कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "दाजी, अक्काला हिच्यातच नेऊ की. पण ही डुलतीया. खांद्यावर न्हाय टिकायची."

कुणीतरी करवत आणायला उठलं. कल्लप्पानं ती हातातून काढून घेतली. आपल्या हातानं जुळवलेल्या कमानी त्यानं आपल्याच हातानं कापून टाकल्या, चारी पाय एका पातळीत आणले आणि खुर्ची जमिनीवर ठेवली. ती हलली नाही.

अंत्यविधीला आलेल्या मठपतींनी सुंदरम्माला मांडी घालून तीत बसवलं. पाठ सरळ टेकली. खुर्चीच्या दोन्ही हातांच्या मध्ये ती नेमकी मावली, कुठंच कलंडली नाही. बांधायला आणलेली दोरी शिवलिंगप्पाच्या हातातच राहिली.

कल्लप्पा बघतच उभा राहिला. मग मटकन खाली बसला आणि कपाळावर हात मारून घेऊ लागला. लोकांना वाटलं, बायकोसाठी रडतोय. असली न हलणारी, चार पायांची साधी खुर्ची तो एका दिवसात करत असे.