उस्तादाच्या घरचा पाव

गल्लीच्या तोंडाशी बेकरी होती. गल्ल्यावर मालकीणबाई बसायच्या, पण लोक यायचे ते उस्तादाच्या हातासाठी. त्याचं खरं नाव काय, हे आता मालकीणबाईंनाही आठवलं नसतं. मिसरूड फुटायच्या आधी तो पिठाच्या परातीपाशी उभा राहिला, तो अजून तिथेच होता. मिशी तेवढी पांढरी झाली होती, आणि त्यातली निम्मी पिठाने झाली असा त्याचा दावा होता.

पहाटे भट्टीवर जायचं, ऊन वर आलं की घरी यायचं. येताना हातात कापडी पिशवी, पिशवीत पाव. पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवायची, अंघोळ करायची आणि आडवं व्हायचं. घरी आल्यावर पावाचा विषय नको, असा त्याने संसाराच्या सुरुवातीलाच दंडक घातला होता, आणि बायकोने तो इतकी वर्षं बिनबोभाट पाळला होता.

त्या दिवशी मात्र जिना चढताना त्याला पावाचा वास आला. आधी वाटलं, आपल्याच सदऱ्याचा. त्याने बाही हुंगून पाहिली. छे, तो खमिराचा आंबूस वास. हा निराळा होता, गव्हाच्या खरपूस भाजण्याचा, थोडा ताकाचा. आणि तो येत होता चक्क त्याच्याच दारातून.

बायको ओव्हनपुढे उकिडवी बसली होती. गालाला पीठ लागलं होतं. फडक्यात धरून तिने एक गोल, ओबडधोबड पाव बाहेर काढला. त्याच्या डोक्यावर सुरीने फुली मारलेली होती आणि फुलीच्या भेगा छान उकलल्या होत्या.

"हे काय?" उस्तादाने विचारलं.

"पाव."

"पाव?" त्याने हातातली पिशवी वर केली. "मग हे काय आहे?"

"तोही पावच की. ठेवा ना तिथे."

उस्तादाने पिशवी ठेवली. सवयीने त्याने तो गरम पाव उचलला, उलटा केला आणि तळाला बोटाच्या पेराने टकटक केलं. पोकळ आवाज आला. म्हणजे आतपर्यंत भाजला होता. कच्चा निघाला असता तर त्याला जरा बरं वाटलं असतं.

"खमीर कुठलं घातलंस?"

"खमीर नाहीच," ती उत्साहाने म्हणाली. "खाण्याचा सोडा आणि ताक. दोघांची गाठ पडली की पीठ लगेच फुलतं. मळायचं नाही, फुगायची वाट बघायची नाही. कालवलं, गोळा केला, फुली मारली, की ओव्हनमध्ये. आयर्लंडमध्ये घरोघरी करतात म्हणे."

"आणि हे तुला सांगितलं कोणी?"

"वरच्या कॅप्टननी."

वरच्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला हा कॅप्टन काही खराखुरा कप्तान नव्हता. जन्मभर मालवाहू जहाजांवर तो स्वयंपाकी होता. पण उंच, सडपातळ, आवाज भरदार, आणि एवढं वय होऊन डोक्यावर केसांचं रान. पहिल्याच दिवशी गल्लीतल्या पोरांनी त्याला कॅप्टन केलं आणि त्यानेही नाही म्हटलं नाही. लग्न त्याने केलं नव्हतं. उस्तादाच्या डोक्यावर टोपी होती आणि टोपीखाली टक्कल.

बायकोने एक काप पुढे केला. वरचं कवच कुरकुरीत होतं, आतला गर ओलसर आणि मऊ. लोणी टेकवलं तसं ते विरघळून भेगांत शिरलं.

"ठीक आहे," उस्ताद म्हणाला. "पाव नाही म्हणता येणार याला. पण ठीक आहे." आणि त्याने आणखी दोन काप खाल्ले.

तिने अर्धा पाव फडक्यात बांधला आणि ती वर द्यायला गेली. उस्ताद आडवा झाला, पण डोळा लागेना. छतातून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. एक पाव पोचवायला खुर्ची कशाला लागते? मग हसण्याचा आवाज आला. ते हसणं त्याच्या ओळखीचं होतं, पण बऱ्याच दिवसांत ते त्याच्या घरात ऐकू आलं नव्हतं.

तिथून त्याच्या मनात जी पाल चुकचुकायला लागली ती थांबेचना. बायको फुलाफुलांची साडी नेसली, तर ती का नेसली? गुणगुणली, तर कशापायी? एकदा ती म्हणाली, "कॅप्टन म्हणतात, समुद्रावर पहाट फार सुंदर असते." उस्ताद रोजच पहाट बघत होता, बेकरीच्या मागच्या दारातून, पिंपांच्या रांगेवर उगवणारी. त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं ती कशी असते.

बेकरीतही त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. एका सकाळी सगळ्या घाण्यात मीठ पडलंच नाही. गिऱ्हाईकं परत आली तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "उस्ताद, बरं नाही का?"

"बरा आहे."

"तुमच्या हातून मीठ विसरलं, म्हणजे मी माझं नाव विसरल्यासारखं आहे हो."

तेवढ्यात शेजारची शिंपीणबाई आली. तिने त्या दुखऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवलं. "अहो उस्ताद, काल वहिनींनी पाठवलेला पाव खाल्ला. काय सुरेख! आमच्या घरात तर भांडणं झाली शेवटच्या तुकड्यासाठी. तुम्हीच शिकवलात ना?"

उस्तादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नाही म्हणावं तर दुसऱ्याचं नाव घ्यावं लागणार, हो म्हणावं तर खोटं. तो भट्टीकडे वळला आणि उगीचच निखारे ढोसत बसला. उभी हयात गल्लीला पाव मी खाऊ घातला, आणि सुरेख कोणता, तर माझ्या घरात परक्याने शिकवलेला! जहाजावरच्या आचाऱ्याने! ज्याला पीठ फुगण्याएवढा दम निघत नाही, त्याने!

दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय असं सांगून तो लवकर निघाला. जिन्याच्या वळणावरच त्याला आवाज ऐकू आला.

"हात हलका, वहिनी. पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. अंगणात मांजर सापडलं तर कसं उचलाल? तसं."

आणि बायको खळखळून हसली.

उस्ताद पिशवी छातीशी धरून तिथेच उभा राहिला. परत फिरावं असं एकदा मनात आलं. पण परत कुठे जाणार? घर तर हेच होतं. त्याने दार ढकललं.

कॅप्टन स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसला होता, हातात चहाचा पेला. बायको ओट्यापाशी होती. दोघांमध्ये चांगलं चार हातांचं अंतर होतं. त्याने ते डोळ्यांनीच मोजलं, आणि मोजल्याची त्याला लाजही वाटली. पण राग काही कमी झाला नाही.

"या, या उस्ताद!" कॅप्टन त्याच्याच घरात त्याचं स्वागत करत म्हणाला. "बरे सापडलात. तुमच्यासारख्या जाणकारासमोर आमची ही शाळा म्हणजे..."

"सरक," उस्ताद बायकोला म्हणाला आणि त्याने बाह्या वर केल्या. "आज मी करतो."

"तुम्ही? घरी?" तिचे डोळे मोठे झाले.

"का? मला येणार नाही?"

त्याने परातीत कणीक घेतली, थोडा मैदा, मीठ, सोडा. मधे खड्डा करून ताक ओतलं. एवढं सगळं ठीक झालं. पण मग पीठ हाताला लागलं आणि हातांनी त्यांना ठाऊक होतं ते केलं. दाबलं, ओढलं, दुमडलं, उलटलं, आपटलं. ओटा दणाणू लागला. त्याच्या प्रत्येक दणक्यात कॅप्टनचं काहीतरी होतं, कधी आवाज, कधी केस.

"उस्ताद, जरा..." कॅप्टन स्टुलावरून अर्धा उठला.

बायकोने डोळ्यांनीच त्याला खूण केली, राहू द्या म्हणून. उस्तादाने ती खूण पाहिली. परक्या माणसाशी तिचं डोळ्यांनी बोलणं! त्याने पीठ आणखी जोरात मळलं. शेवटी गोळा असा गुळगुळीत झाला की भट्टीवर कोणीही शाबासकी दिली असती. त्याने वर फुली मारली आणि तो ओव्हनमध्ये ठेवला.

 पाव भाजून बाहेर आला तो मूळ गोळ्याएवढाच होता. फुली मिटलेली. उस्तादाने तळाला टकटक केलं तर दारावर थाप मारावी तसा आवाज आला. सुरी घातली, ती निम्म्यात अडकली.

कॅप्टनने कसाबसा निघालेला तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावला. "भाजणी झकास झालीय," तो म्हणाला.

त्याने खोड काढली असती तर परवडलं असतं. ती दया उस्तादाच्या घशाखाली उतरेना. कॅप्टनच्या ते ध्यानात आलं असावं. त्याने पेला विसळून ठेवला आणि तो वर निघून गेला.

दार लागलं तसा उस्ताद उसळला. "त्याला कशाला विचारायला गेलीस? घरात पाववाला नवरा असताना!"

"तुम्हाला विचारलं होतं."

"केव्हा?"

"लग्न झालं त्या वर्षी. मला शिकवा म्हटलं. तुम्ही म्हणालात, घरच्या ओव्हनमध्ये पाव होत नसतो, आणि घरी पिठाचं नाव काढू नकोस. मग नाही काढलं."

उस्तादाला ते आठवत नव्हतं. पण आपण असंच बोललो असणार, हेही त्याला कळत होतं. "अगं, पण रोज पाव आणत नाही का मी? एक दिवस तरी चुकलाय?"

"नाही चुकला." ती ओट्यावरचं पीठ हाताने गोळा करत होती. "पण कुठला पाव? उरलेला. आदल्या दिवशीचा, नाहीतर दबलेला, करपलेला. ताजा गेला गिऱ्हाइकांना. गल्लीतली प्रत्येक बाई तुमचा गरम पाव खाते. सकाळी मी खिडकीत उभी असते, त्या हातांत धरून नेतात, वाफा निघत असतात. उस्तादाची बायको मी, आणि तुमचा गरम पाव कसा लागतो ते मला माहीत नाही. त्या बायकांचा मला किती हेवा वाटायचा, सांगू?"

"मग बोलली का नाहीस?"

"उरलेल्यात वाईट काही नसतं हो. भूक भागते." तिने गोळा केलेलं पीठ परातीत टाकलं. "पण हा पाव ज्या दिवसाचा त्याच दिवशी खावा लागतो. उद्याला टिकत नाही. म्हणून आवडला मला."

उस्ताद खाली बसला. त्याला बोलायचं होतं ते सगळं आता उलटं झालं होतं. शेवटी तोंडातून जे निघालं ते त्याने ठरवलेलं नव्हतं. "तू त्याच्यापाशी हसतेस," तो म्हणाला. "मला वरून ऐकू येतं."

ती वळली. आधी तिच्या चेहऱ्यावर राग आला, मग तो गेला. "अगंबाई! म्हणजे तुम्ही जळताय होय? या वयात?"

"वयाचं काय त्यात?"

"कोणावर पण? कॅप्टनवर, की पावावर?"

उस्तादाने प्रामाणिकपणे विचार केला. "दोघांवर," तो म्हणाला.

ती हसली नाही. पण त्याला दिसलं की तिला ते कुठेतरी सुखावून गेलं होतं. त्या दगडी पावाचा एक तुकडा तिने चहात बुडवला, मऊ होईपर्यंत धरून ठेवला आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पहिला घाणा भट्टीतून निघाला तसा उस्तादाने त्यातला सगळ्यात देखणा पाव उचलला, टॉवेलात गुंडाळला आणि मालकीणबाई "अहो, अहो" करत असताना तो गल्लीतून धावत सुटला. दूधवाल्याने सायकल बाजूला घेतली. बायको अजून वेणी घालत होती. तिने पाव मोडला, वाफ तोंडावर आली, आणि तिने उभ्या उभ्याच अर्धा संपवला.

"कसा आहे?"

"आता कळलं, बायका पहाटे रांगेत का उभ्या राहतात ते."

"आणि त्याच्या पावापेक्षा?"

"तो पाव त्याचा नाही, माझा आहे," ती म्हणाली. "आणि तो मी आजही करणार आहे."

सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून तो केला. उस्तादाचे हात सारखे पिठाकडे धावत आणि ती त्यांवर चापट मारी. फुली मात्र तिने त्याला मारू दिली. पाव असा उकलला की त्याचा ऊर भरून आला. तेवढ्यात वास काढत कॅप्टन खाली आला, हातात मुरंब्याची बरणी.

"वा वहिनी! तुमच्या हाताला काय गुण आहे!"

"बसा," उस्ताद म्हणाला. स्टूल त्याने उचलून खिडकीपाशी, ओट्यापासून चांगलं लांब नेऊन ठेवलं. मग सुरी घेतली, मधला मऊ, वाफाळता काप बायकोच्या ताटलीत ठेवला आणि कॅप्टनला कडेचा दिला. तोही पातळ.

"अहो!" बायको दटावत म्हणाली.

"मुरंबा आहे ना त्यांच्याकडे," उस्ताद म्हणाला आणि स्वतःची खुर्ची ओढून तो दोघांच्या बरोबर मध्ये बसला.